परातीखाली ठेवलेला डाव

आत्ये,

तुझी पानं अजून परातीखालीच आहेत. कुणी हात लावलेला नाही. मीही नाही.

तू गेलीस त्या दुपारी शेजारची शेवंतीकाकी, दुखऱ्या गुडघ्यांनी कसाबसा उंबरा ओलांडून, सगळ्यात आधी आत आली. खाटेच्या पायाला टेकून तू बसली होतीस. समोर चटईवर गड्डी, गड्डीशेजारी टाकलेल्या पानांची चळत, पलीकडे माझ्या नावाने वाटलेली तेरा पानं, आणि तुझी तेरा तुझ्या हातात. काकीने तुझ्या नाकाशी बोट धरलं, खांदा हलवला, दोनदा नावाने हाक मारली. मग तुझ्या बोटांतली पानं सोडवली, एकदाही न बघता पालथी ठेवली, आणि मोरीतली मोठी परात पुसून आणून सगळ्या डावावर उपडी घातली. त्यानंतर तिने आळीला हाक दिली. हा क्रम तिनेच मला सांगितला, आणि त्यात काही विशेष केलं असं तिला वाटत नव्हतं.

मी पेणहून पोचले तेव्हा खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. लोक परातीला वळसा घालून तुझ्यापर्यंत जात होते. कुणीतरी तिच्यावर हार आणि उदबत्तीचा पुडा ठेवला होता. मी ती उचलायला वाकले, तर काकीने माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे गो. मधीच उतरलीय ती. पानं पालथी ऱ्हायची."

बाकीच्यांना वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. मला कळलं. त्या गर्दीत तो नियम माहीत असलेल्या आम्ही दोघीच होतो. आणि तिसरी तू.

चौकात तुझा फलक लागलाय. प्रेमळ, हसतमुख, मनमिळाऊ. फलक लावणारे गावकीचे तेच लोक आहेत, ज्यांनी तुला समाजमंदिराच्या ओट्यावरून उठवलं. त्यांच्याकडे येतेच मी. पण आधी हे लिहून ठेवते, कारण दुसरं कुणी लिहिणार नाही: तू हसतमुख नव्हतीस. समोरचा हरला की तेवढी हसायचीस, आणि तेही तोंडाला पदर लावून, म्हणजे त्याला कळावं की तू हसू लपवते आहेस.

नियम बसमधला होता. कंपनीची बस पेणहून सुटायची. वडखळ, नागोठणे, खांब, कोलाड करत धाटावला पोचायची. बाकी सगळे प्लांटवर जाणारे पुरुष, तू एकटी कँटीनला. पहिला महिना तू खिडकीबाहेर बघत काढलास. दुसऱ्या महिन्यात पुढच्या सीटवरच्या माणसाने हातातली जोडी मोडून राणी टाकली आणि तुझ्या तोंडून "अरे मेल्या" निघालं. दुसऱ्या दिवसापासून पत्ते वाटताना तुझेही वाटले जाऊ लागले.

रमीला वेळ लागतो आणि बस कुणासाठी थांबत नाही. म्हणून तुम्ही ठरवलंत, खांब गाव आलं की खेळ थांबला. रमी लागलेली असो नसो, सगळ्यांनी पानं उघडायची, ज्याचे पॉइंट कमी त्याचा डाव. खांब गेलं की ओळखपत्रं गळ्यात घालायची. पण नागोठण्याला काम असलेले काहीजण आधीच उतरायचे. त्यांचा डाव मोडायचा नाही. त्याने पानं सीटवर पालथी ठेवून उतरायचं, मागे कुणी बघायचं नाही, खांबला सगळ्यात आधी त्याची उघडायची आणि दुसऱ्या दिवशी त्याला निकाल सांगायचा. पालथं पान बघणारा माणूस दुसऱ्याच्या ताटातला घास उचलायलाही कमी करणार नाही, असं तुझं म्हणणं. एवढ्या वर्षांत एकानेही बघितलं नाही, हेही तू अभिमानाने सांगायचीस. तुझ्या त्या बसइतकी शिस्त मी आमच्या संघटनेच्या बैठकीतही पाहिली नाही.

नोकरी सुटली आणि तू रोह्याला, धाटावच्या रस्त्यावरच्या या खोलीत आलीस. बस नाही, खांब नाही. मग शेवंतीकाकी, रुकय्याभाभी आणि वाडीवरून भाजीची टोपली घेऊन येणारी कमळाबाय, अशा तुम्ही चौघींनी समाजमंदिराच्या ओट्यावर तुमचं खांब नव्याने वसवलंत. कंपनीचा तीनचा भोंगा म्हणजे खांब. भोंगा झाला की तू तसं मोठ्याने म्हणायचीस आणि चौघींची पानं खाली पडायची. पैसा नाही. हरणाऱ्या तिघींनी जिंकणारीच्या डब्यात एकेक चिंचोका टाकायचा. एवढंच.

मला तिथेच शिकवलंस, मे महिन्याच्या सुट्टीत. तेरा पानं. तीन-चार पानांच्या जुळण्या लावायच्या: एकाच रंगाची ओळीने, नाहीतर वेगवेगळ्या रंगांची सारख्या अंकाची. त्यातली एक ओळ जोकरशिवाय पाहिजे, प्युअर. ती नसेल तर बाकी कितीही छान जुळवलेलं असो, सगळी पानं अंगावर मोजतात. हे तू मला इतक्या वेळा सांगितलंस आणि मी इतक्या वेळा विसरले, की रुकय्याभाभीने माझं नाव जोकरवाली ठेवलं. एकदा हातात आलेलं पान, बिनकामाचं असलं तरी, मी सोडायची नाही, आणि जोकर आला की तो लगेच कुठेतरी खोचायची. दोन जोकर, दोन राजे, झाला सेट, मी खूश. तू तिरक्या मानेने बघायचीस.

"जोकर कुठं पण बसतो, तो काय पळून चाललाय? आधी प्युअर लाव गो. ज्याला कुणाचा आधार नाय लागत असं कायतरी एक हातात ठेव."

भाभी तिच्या माहेरचा एकवीस पानी खेळ घेऊन आली, तेव्हा तीन गड्ड्या लागल्या. पपलू, टिपलू, निचलू असे वरचे नि खालचे जोकर. कमळाबायने दोन दिवस खेळून जाहीर केलं की ही नावं ती आपल्या बोकडांना ठेवणार, आणि ठेवली. तुला तो प्रकार पटला नाही. एवढे जोकर वाटल्यावर अक्कल कशाला लागते, असं म्हणून तू तिसऱ्या दिवशी पुन्हा तेरा पानांवर आलीस आणि तिघी गुपचूप तुझ्या मागे आल्या.

कॉलेजात पेणला मैत्रिणींबरोबर पहिल्यांदा खेळले, तेव्हा तीन वाजता मी "खांब" म्हणून पानं खाली टाकली आणि बाकीच्यांच्या उघडायला हात पुढे केला. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. जगात सगळीकडे रमी अशीच खेळतात, असं मी धरून चालले होते. ही गोष्ट तुला सांगितली तेव्हा तू हसली नाहीस. "मग त्या खेळ संपवतात कधी?" असं खरोखरच्या काळजीने विचारलंस.

आता मी लिहिलेलं ते पत्रक.

आमच्या संघटनेतला एकजण, धाटावला ठेकेदाराकडे हेल्पर, मोबाइलवर रमी खेळायला लागला. शिफ्ट सुटली की बसमध्ये, घरी जेवताना, आमच्या बैठकीत मागच्या रांगेत. आधी पैसे गेले, मग दुचाकी, मग एक दिवस घरी न सांगता तोच गेला. त्याच्या आईबरोबर मी पोलीस ठाण्याच्या बाकावर बसले होते. तिथून उठले ती थेट पत्रक लिहायला बसले. मोबाइलवरच्या जाहिरातीत तोच खेळ खेळायला बोलावणारी हसरी माणसं बघून माझं रक्त उकळत होतं, आजही उकळतं. त्या पत्रकातला एकही शब्द मी मागे घेत नाही, एक वाक्य सोडून.

"चिंचोक्यांवरची रमी असो की मोबाइलवरची, नाशाची पहिली पायरी तीच."

मला वाक्याला ताल हवा होता. मोबाइलसमोर ठेवायला काहीतरी साधं, मातीतलं हवं होतं. डोळ्यांसमोर पहिला तुझा डबा आला, आणि तो कुणाचा आहे याचा विचार न करता मी तो उचलला. चिंचोक्यांवर रमी खेळणाऱ्या सगळ्या रोह्यात किती होत्या, आत्ये? चार. चारही एकाच ओट्यावर.

गावकीच्या अध्यक्षांनी पत्रक समाजमंदिराच्या भिंतीला चिकटवलं आणि त्या वाक्याखाली लाल रेघ ओढली. दुसऱ्या दिवशी ओट्याच्या जाळीला कुलूप. मैदानामागे झाडाखाली तीन पत्तीवर रोख लावणारे बाप्ये होते, त्यांच्याकडे कुणी वर मान करून बघितलं नाही. त्यातला एक कार्यकारिणीवर होता. चार बायका दुपारचे दोन तास हसत बसतात, ते मात्र गावाला बरीच वर्षं खुपत होतं. माझ्या कागदाने त्यांच्या हातात कारण दिलं.

मी तावातावाने आले. अध्यक्षांच्या घरी जाऊन भांडणार होते, वरपर्यंत अर्ज करणार होते, दुसऱ्या पत्रकाचा मथळाही वाटेत ठरवला होता. तू तांदूळ निवडत होतीस. मला बोलू दिलंस. मग सुपातून नजर न काढता म्हणालीस,

"त्यांना काय बोलतेस? लिवलंयस तू."

त्या वेळी मी एक शब्द बोलायला हवा होता. तो एवढासा आहे, पत्रकात टायटललाही पुरणार नाही. त्याऐवजी मी वाद घातला. म्हटलं, आत्ये, तत्त्व म्हणजे तत्त्व. आज चिंचोके, उद्या रुपये. सवय तीच लागते, नशिबावर सोडून द्यायची. तुला रागाने बोलता यायचं नाही, तू समजावायला लागायचीस, तशी लागलीस. नशीब फक्त वाटपात असतं म्हणालीस. पुढे बघायचं असतं, समोरची काय उचलते, काय टाकते, कुठल्या पानाला तिचा चेहरा बदलतो. भाभीला छान पान आलं की ती पाण्याचा तांब्या उचलते. कमळाबाय हरायला लागली की टोपलीतल्या भाजीचा भाव सांगते.

"मोबाइलात समोरच्याचं तोंड दिसतं का? तोंड दिसत नाय तो खेळ नाय. तू दोघांना एका वाक्यात बसवलंस."

मी म्हटलं, भावनेवर चळवळी चालत नाहीत. हे मी तुला म्हटलं, तुझ्या खोलीत, तुझा चहा पिऊन.

आणि मग महिनोन्‌महिने आलेच नाही. पेणहून रोहा काय लांब आहे? पाण्याच्या प्रश्नावर मी आठवड्यातून दोनदा धाटावला येत होते. तुझ्या दारावरून जायची गाडी.

तिघीजणी तुझ्या खोलीत खेळायला येऊ शकल्या असत्या, असं मी स्वतःला सांगायची. काकीने परवा खरं काय ते सांगितलं. दोनदा आल्या. पण ओट्यावर बसणं वेगळं आणि दार लोटून बसणं वेगळं. भाभीच्या सुनेने विचारलं, आत बसून काय करता. कमळाबायला कुणीतरी भर बाजारात म्हटलं, जुगारी बाई आली. माझ्याच पत्रकातला शब्द, पाठ झालेला. ती पुन्हा आली नाही. मग भाभी लेकाकडे महाडला गेली. काकीच्या गुडघ्यांना तुझा उंबरा चढवेना. राहिलीस तू.

तेव्हापासून तू दोघींचे पत्ते वाटायला लागलीस. एक तुझा डाव, एक माझा. तीनचा भोंगा झाला की पानं उघडायचीस आणि मला फोन करायचीस.

"आज तू हरलीस."

पहिल्यांदा मला हसू आलं. मी विचारलं, मला हरवायला मी लागत नाही का? तू म्हणालीस, तुझा डाव मी अगदी नीट खेळते, तू खेळशील तसाच, म्हणून तर हरतेस. नंतर नंतर मी बैठकीत असायची, कुणी समोर बसलेलं असायचं. मी "बरं" म्हणायची आणि फोन ठेवायची. रोज तीन वाजून दोन-तीन मिनिटांनी. कधी कधी तुझं नाव स्क्रीनवर बघून मी फोन उलटा करून ठेवला. हे कुठल्याही पत्रकात लिहिता येत नाही म्हणून इथे लिहिते.

गेल्या दोन आठवड्यांत मी जे केलं ते तू असताना एका सकाळचं काम होतं. आठ ओळी लिहिल्या. मोबाइलवरच्या लुटीविरुद्ध जे लिहिलं ते तसंच आहे. चिंचोक्यांचं वाक्य चूक होतं, खोटं होतं, त्याने चार निर्दोष बायकांचा ओटा गेला, लिहिणारी मी. खाली माझं पूर्ण नाव. जुन्या पत्रकावर ते स्वतः चिकटवलं. अध्यक्षांकडे किल्ली मागायला गेले. भांडायची सगळी तयारी होती. त्यांनी खिशातून किल्ली काढून दिली आणि म्हणाले, "घे की. आता बसणार कोण हाय तिथं?"

मला त्या माणसाच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. वाजवली नाही, कारण प्रश्न बरोबर होता.

कुलूप काढलं. ओटा झाडला. भाभीला महाडला फोन केला, ती म्हणाली, "बेटा, मेरे को अब पानां नीट दिसत नाहीत." कमळाबायला शोधत वाडीवर गेले. ती अंगणात होती. तिने मला बसायला बाज दिली, पाणी दिलं, तुझ्यासाठी रडली, आणि ओट्यावर यायला नाही म्हणाली. रागाने नाही. "तू लिवलंस ते पुसलंस, चांगलं केलंस. पण लोकांनी वाचलेलं कशानं पुसशील?" निपचित पडलेला एक बोकड दाखवून म्हणाली, हा टिपलू, पपलू गेल्या पावसात गेला.

त्या दुपारी ओट्यावर मी एकटी बसले होते. दुपार इतकी लांब असते हे मला माहीत नव्हतं. तू अशा किती काढल्यास?

काल तुझा तेरावा झाला. तेरा पानं, तेरावा दिवस. पत्रकात मी ही जोडी सोडली नसती. इथे सोडते. पाहुणे जेवून गेले. खोली उद्या रिकामी करून द्यायची आहे. आज सकाळपासून, मधेमधे हे लिहीत, मी आवरते आहे: तुझे दोन डबे, चार लुगडी, कंपनीचं जुनं ओळखपत्र, चिंचोक्यांचा डबा. परातीभोवती झाडू मारला. तीन वाजायला आले तेव्हा काकी भिंत धरत धरत आली आणि दारातच बसली. उंबरा ती चढली नाही.

भोंगा झाला. तो संपेपर्यंत मी वाट बघितली. कुणी म्हणायचं ते ठरलेलं नव्हतं. नेहमी तू म्हणायचीस.

काकी हलकेच म्हणाली, "खांब गो."

मी परात उचलली.

आधी तुझी पानं उघडली, कारण उतरलेल्याची आधी. बदामाची तिर्री, चौकी, पंजी. प्युअर, अर्थात. किल्वरची अठ्ठी, नव्वी, दश्शी, गुलाम. तीन राण्या. मग इस्पिकची पंजी आणि इस्पिकची सत्ती, आणि चौकटची एक दुर्री, टाकायला ठेवलेली. एका पानासाठी अडलेली होतीस. इस्पिकची छक्की.

मग माझी उघडली. दोन जोकर, दोन राजांना लावलेले. प्युअर नाही. बाकी विस्कटलेलं, एकमेकांशी काही नातं नसलेलं. आणि अगदी कडेला, एकटी, इस्पिकची छक्की. तिच्या पुढचं नाही, मागचं नाही, तिच्या अंकाचं दुसरं नाही. मला तिचा काडीचाही उपयोग नव्हता.

दोन्ही डाव तूच खेळत होतीस. ते पान कुठे आहे हे तुला पक्कं ठाऊक होतं. माझ्या बाजूने ते टाकायचं, तुझ्या बाजूने उचलायचं, दुर्री टाकायची, रमी. बघायला कुणीही नव्हतं. टाकलेल्या पानांची चळत मी चाळली, खूप जाड होती. म्हणजे कितीतरी फेऱ्या तू माझ्या वतीने दुसरीच पानं टाकत बसलीस. कामाची पानं टाकलीस, पण छक्की नाही. कारण मी ती टाकली नसती. मी तशीच खेळते हे तुला माहीत होतं, आणि तू माझा डाव अगदी नीट खेळत होतीस.

काकीने दारातून मान लांब करून बघितलं. "चौदा पॉइंटात गेली," ती म्हणाली. "आनि तुझी?"

माझी सगळी मोजायची, काकी.

मी तुझ्या डब्यात एक चिंचोका टाकला. तीन वाजून दोन मिनिटं झाली होती. पाच झाली. फोन माझ्या मांडीवर होता, सुलटा. उद्या निकाल सांगायचा असा नियम आहे, पण तू कुठल्या बसला येणार आता, म्हणून आजच सांगते.

आत्ये, आज मी हरले. छक्की माझ्याकडेच होती.